खाऱ्या पाण्यातला खादाड

"मोरवा बेटांची क्षमता सिद्ध झाली आहे," असं म्हणत परदेशातून कचऱ्याचा करार घेऊन आलेल्या डॉ. लिंडक्विस्ट यांनी कराराचा मसुदा प्रयोगशाळेच्या टेबलावर सरकवला. "दरमहा साठ जहाजं. ज्या देशाची क्षमता आहे, त्याला कचरा नाकारता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे."

डॉ. हेमांगी पाष्टे यांनी कागदाला हात लावला नाही. त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. समुद्राने आणून टाकलेल्या प्लास्टिकखाली मोरव्याचे किनारे गुदमरले होते, म्हणून अकरा वर्षं खपून त्यांनी प्लास्टिकभक्षी जीवाणू घडवला. किनारे स्वच्छ झाले. आणि त्याचं बक्षीस काय, तर जगाचा उकिरडा दारात!

लोक त्या जीवाणूला खादाड म्हणत. तो फक्त खाऱ्या पाण्यात जगतो. खाजणातल्या प्रयोगाच्या हौदांतून तो बंदरात उतरला, तेव्हा त्याने आधी कोळ्यांची नायलॉनची जाळी फस्त केली. हेमांगीबाईंच्या सख्ख्या मामाने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला होता. मग मोरवेकर मुकाट्याने सुंभाच्या दोरांकडे, सुती जाळ्यांकडे आणि लाकडी होड्यांकडे वळले. रत्नागिरीहून ऊस तोडायला आलेल्या त्यांच्या पणजोबांचंही त्यावरच भागलं होतं.

"सही उद्या केलीत तरी चालेल," लिंडक्विस्ट म्हणाले. "पण त्याहून उशीर नको, मला लवकर परतायला हवं. आमच्या बंदरात जहाजांना वाट दाखवायला तरंगत ठेवलेल्या खुणेच्या पिंपांचं काहीतरी बिनसलंय. आठवड्यात चाळीस बुडाली."

"पिंपं कशाची?" हेमांगीबाईंनी विचारलं.

"प्लास्टिकची. का?"

हेमांगीबाईंनी शेजारी बसलेल्या बंदराधिकारी दाजी माचिवल्यांकडे पाहिलं. दाजींच्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं.

"चाचणीला तुमची तीन जहाजं आली होती ना?" दाजी म्हणाले. "कचरा उतरवून परत गेली. रिकामं जहाज समुद्रात कलंडतं, सायेब. म्हणून तळटाक्यांत पाणी भरून घेतात, नि घरच्या बंदरात सोडतात."

"पाणी कुठलं?" लिंडक्विस्ट यांचा आवाज खाली आला.

"ह्याच बंदरातलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देण्याची पद्धत नाय आमच्यात."

"गप्प बसा, दाजी," हेमांगीबाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नव्हतं. "डॉक्टर, अहवालाच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, इथलं पाणी नेऊ नका. तुम्ही टनांचा आकडा तेवढा वाचलात."

"त्या जीवाणूला थांबवा. काही औषध असेलच."

"असतं तर मामाची जाळी वाचली नसती का?"

लिंडक्विस्ट खुर्चीत बसले. जाळी, जहाजांचे दोर, समुद्रतळाच्या तारांची वेष्टणं, सगळं ते मनात मोजत असावेत. हेमांगीबाईंना त्यांची दया आली, पण माघार घ्यावीशी वाटली नाही.

हेमांगीबाईंनी मसुदा उचलून लिंडक्विस्ट यांच्या हातात परत दिला.

"क्षमता आता तुमचीही सिद्ध झाली," त्या म्हणाल्या. "तुमचा कचरा तुमच्याच बंदरात टाका, खादाड खाईल. इथे जहाजं पाठवू नका, माणसं पाठवा. सुंभ वळायला आम्ही शिकवू."