हवा सोडू का?

दुसरी पाळी सुटली, पण कंपनीची बस बंद पडली होती. आम्ही चार शिकाऊ कामगार हिंगण्याच्या रस्त्यावर अंधारात बसलो होतो. सोबत रामाजी होते. बत्तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस.

"काका, तुम्ही स्वतः भूत पाहिलं का?" एकानं चिडवलं.

"नाही गा. माह्या साळ्यासंग झालं, शालिकरामसंग. चौऱ्याहत्तर साल. मार्चची तेरा तारीख, बुधवार. रात्रीचे पावणेअकरा."

काम साधं होतं, ते सांगू लागले. पाण्याचा टँकर सकाळी एका तहानलेल्या गावी निघायचा होता आणि आतून एक जोड गळत होता. मालक भैयाजींनी शालिकरामला घरून बोलावलं. सोबतीला रुपराव हेल्पर. टँकरचं तोंड वर, खांदे आकसले तरच माणूस आत जाईल एवढं. एक जण आत, एक जण तोंडाशी, हा नियम.

आत धूर कोंडला होता. हवा घालायला पंखा नव्हता. कारखान्यात तो कधीच नव्हता.

थोड्या वेळानं रॉड संपत आले. रुपराव वरून म्हणाला, "स्टोअरमधून आणतो. मरू नको तोवर."

"तू बिडी पिऊन येशील, मले माहीत आहे."

पावलं लांब गेली. शालिकरामनं शेवटचा रॉड होल्डरमध्ये लावला. घाम डोळ्यांत उतरत होता. घसा जळत होता. तेवढ्यात वरून कोणीतरी हळूच विचारलं,

"गरम होऊन राहिलं का गा? हवा सोडू का?"

"सोड ना बाप्पा," शालिकराम म्हणाला. इतक्या लवकर आला कसा, हे त्याच्या मनात आलंच नाही.

सूं... असा आवाज सुरू झाला. मानेवर गार झुळूक आली. छाती मोकळी झाली. किती बरं वाटलं त्याला. त्यानं काच डोळ्यांपुढे धरली, रॉड जोडाजवळ नेला.

आणि आवाराच्या पार टोकाकडून, स्टोअरच्या दारातून, रुपराव ओरडला, "शालिकराम, दहा नंबरचे आणू का आठचे?"

रामाजी थांबले.

"मंग तोंडाशी कोण होतं?" ते म्हणाले.

त्याच्या पाच वर्षं आधी त्याच आवारात एक जण टाकीत शिरून लोखंड कापत होता. बाहेर चंपतराव हेल्पर होता. आतला माणूस गुदमरतोय म्हणून चंपतरावनं मायेनं ऑक्सिजनची नळी आत सोडली. लोकांना वाटतं, ऑक्सिजन म्हणजे हवा. ती हवा नव्हे. तो कपड्यांत भरतो, केसांत भरतो, आणि मग एक ठिणगी माणसाला कापसासारखी पेटवते. आतला जागीच गेला. त्याला ओढता ओढता चंपतराव भाजला. आठ दिवस दवाखान्यात तो एकच बोलत होता, "मी हवाच सोडली ना गा." नवव्या दिवशी तोही गेला. पुढे भैयाजींनी आवारात ऑक्सिजनचा सिलिंडर आणणंच बंद केलं. पंखा तेव्हाही आणला नाही.

शालिकरामला हे सगळं माहीत होतं.

हातात होल्डर. होल्डरमध्ये रॉड. रॉडमध्ये करंट. चारही बाजूंना पत्रा. रॉड कुठंही टेकला की ठिणगी. होल्डर खाली ठेवता येईना. हातात घेऊन वर चढता येईना. तो हात अधांतरी धरून उभा राहिला.

"रुपराव... मेन पाड."

"काहून?"

"पाड म्हणतो ना."

पावलं धावली. पण मेन स्विच लांब होता. सूं... चालूच. हात खाली येऊ लागला.

वरून आवाज आला. "आता बरं वाटते ना?"

"...हो, चंपतराव. बस झालं गा. बंद कर."



मग वरून, अगदी रडवेलं,

"बंद होऊन नाही राहिलं..."

रॉडचं टोक पत्र्यापासून चार बोटांवर आलं. तीन बोटांवर. दोन...

खट.

दिवा गेला. काळोख. सूं थांबलं.

शालिकराम कसा वर आला ते त्यालाही सांगता येत नव्हतं. तोंडाशी कोणी नव्हतं. नळी नव्हती. आवारात सिलिंडर नव्हता. ऑक्सिजन भरला असेल म्हणून त्यानं अंगातला सदरा काढला, कपडे वाळवायच्या दोरीवर टाकला आणि दोघं फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन बसले. उजाडेपर्यंत कोणी आत गेलं नाही.

सकाळी भैयाजींना घेऊन ते आत शिरले. रात्रभर वारा नव्हता. दोरीखाली जमिनीवर राख होती, सदऱ्याच्या आकाराची. दोन्ही बाह्या वर उचललेल्या.

"अन् दोरी?" मी विचारलं.

रामाजींनी रस्त्याकडे पाहिलं.

"सुताची होती. पांढरी. तिच्यावर साधा काळा डागही नव्हता गा."