कोंडीबानं दिलेला जबाब

रुपाली माझ्या नणंदेची सून, सांगोल्याकडच्या एका गावात आशाताई. तिच्यावर बेतलं ते गेल्या कार्तिकातल्या अवसेला, संध्याकाळी साडेसाताला.

वरून कागद आले होते. शेतकऱ्यांच्या, मेंढक्यांच्या मनाची विचारपूस करायची म्हणे. झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का. तिचा तालुक्याचा साहेब फोनवर म्हणाला, "दारोदार कशाला फिरता? सगळे ओळखीचेच. घरी बसून भरा." जीभ झडली नाही मेल्याची! रुपालीनं चुलीपुढं बसून भरले. सगळ्यांना 'बरं आहे'. कोंडीबालाही. रोगानं आठवड्यात त्याची सत्तर मेंढरं गेली होती. तेव्हापासून माणूस बोलायचा थांबला होता. तरी 'बरं आहे'.

आता फक्त त्याचा अंगठा राहिला होता. दिवसभर तालुक्याला मीटिंग करून ती फाट्यावर उतरली. कोंडीबाचा माळ गावाच्या अलीकडंच. रिकाम्या वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळ्यात, तो एकटाच बसलेला.

"मामा, अंगठा द्या की."

"आदी इचार."

"भरलाय मी."

"मला न इचारता? माजं मन तुज्या चुलीपाशी हुतं व्हय गं?"

तिनं मोबाइलचा उजेड कागदावर धरला.

"झोप लागते?"

"न्हाय."

"जेवण?"

"घास गिळत न्हाय."

"जगावंसं..." पुढं वाचवेना.

"वाच की."

"...वाटतं का?"

त्यानं रिकाम्या वाघरीवरनं नजर फिरवली.

"काल इचारायचं हुतंस, बाय."

तिनं 'बरं आहे' खोडलं. त्यानं सांगितलं तसं लिहिलं. अंगठा घेतला. गार... दगडासारखा.

गावात शिरली तर त्याच्या दारात बायकांचा घोळका. केराबाई, त्याची बायको, जमिनीवर लोळत होती. कुणीतरी म्हणालं, "तू कुटं हुतीस गं? मामा दुपारीच गेलं. तालुक्याला नेलंय... चिरफाडीला."

रुपालीनं कागद उघडून बघितला; अंगठा होताच.

सकाळी तिनं तो कागद साहेबापुढं आपटला. "मी चुकले. तुम्हीपण चुकलात. ह्यो खरा जबाब, ह्योच वर धाडा."

साहेबानं वाचलासुद्धा नाही. "मेलेल्याचा जबाब चालत नसतो." टराटरा फाडला. नव्या कागदावर स्वतःच लिहिलं, 'बरं आहे'. संध्याकाळी कचेरीला कुलूप लावून घरी गेला.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. किल्ली त्याच्याच खिशात.

दुसऱ्या दिवशी साहेबानं शिपायादेखत कुलूप उघडलं. फरशीभर मेंढरांच्या खुरांचे ठसे. ओले. दाराकडं एकही नाही... सगळे त्याच्या खुर्चीकडं तोंड करून.