सतारीची ओटी

सातारा स्टँडवरून सुटलेल्या मिरज गाडीत एकच सीट माणसाविना होती, आणि तिच्यावर सतार बसली होती.

गोधडीत गुंडाळलेली, खिडकीला टेकलेली. गोल भोपळा तेवढा गोधडीबाहेर डोकावत होता. शेजारी एक तरुण तिच्या खांद्यावर हात टाकून ऐटीत बसलेला. ऊसतोडीचे दिवस, रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग, गाडी कधी पोचेल देव जाणे. तोवर उभं राहायची माझी तयारी नव्हती.

"हे उचला जरा. मला बसायचंय."

"तिचं तिकीट काढलंय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"हिचं. फुल्ल." त्यानं खिशातून दोन तिकिटं काढून दाखवली. "पाचगणीच्या शाळेतली हाय. दुरुस्तीला चाललीय. आजारी माणसाला उठवता व्हय?"

"मग धडधाकट माणसानं उठावं."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं... आणि खरंच उठला. "बसा. पण वळणावर धरा हं तिला. लय नाजूक हाय."

अशा रीतीनं मी कराडपर्यंत एका परक्या माणसाची सतार कवटाळून बसले. तो वरच्या दांडीला धरून उभा, आणि दर खड्ड्याला वाकून बघायचा. सतारीकडे बघत होता असं माझं तेव्हाचं मत.

कराडलगतचं मलकापूर मागं पडल्यावर मी विचारलं, "मिरजेत चांगली सतार कुठं मिळेल?"

"मला नका विचारू. मी आमचंच दुकान सांगणार."

मी कंडक्टरला विचारलं. कंडक्टरनं तिकिटाच्या मशीनवरून मान न उचलता त्याच्याकडेच बोट दाखवलं.

आता माझ्याविषयी. मी संयोगिता, कोरेगावच्या निवृत्त सुभेदाराची थोरली लेक. घराच्या माडीवर बसून परदेशातल्या लोकांना ऑनलाइन वस्तू विकते. पितळी समया, घोंगड्या, लाकडी पाट असलं काहीबाही. आण्णा याला 'टपालखातं' म्हणतात. धंदा तसा बरा आहे, पण महागाची वस्तू समुद्रापार धाडायची म्हणजे जीव टांगणीला. समई वाकून पोचते. एखादं गिऱ्हाईक, मिळालीच नाही म्हणून हात वर करतं. कस्टमवाले पेटी अडवून ठेवतात. खापर मात्र विकणाऱ्याच्या डोक्यावर. माझ्या नावावर अशा दोन तक्रारी आधीच होत्या. तिसरी आली की मी विकते त्या साइटवरचं माझं दुकान कायमचं बंद. आणि नेमकी अशा वेळी मेलबर्नच्या हेलनबाईंनी सतार मागितली. साठीला आलेली बाई, उतारवयात सतार शिकलेली, आणि गुरूंच्या वाढदिवसाला पहिल्यांदा लोकांपुढं वाजवणार होती. आजवरची सगळ्यांत महाग ऑर्डर. शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. मी हो म्हटलं.

त्याचं नाव वीरधवल. एवढं भरदार नाव आणि हातात पॉलिशचा बोळा. पुढं दुकान, मागं घर. दुकानात लाखेचा आणि स्पिरिटचा वास भरलेला. त्याचे वडील नाना कोपऱ्यात बसून तारा लावत आणि कुणाशी बोलत नसत. बोलायचं सगळं काम त्याच्या आई, भामाबाई करत.

"साताऱ्याकडली व्हय तू? बस. च्या घे. लगीन झालंय का?"

"आई," वीरधवल म्हणाला, "सतार घ्यायला आल्यात त्या."

"मग? सतार घेणाऱ्यांची लग्नं व्हत न्हाईत का?"

सतार नवी करायची ठरली. पुढचे काही महिने मला मिरजेहून फोन येत राहिले. आज दांडी बसवली. आज पडदे बांधले. आज भोपळ्यावर वेल कोरली, फोटो बघा. या बातम्यांची मला काही गरज नव्हती. पण एखाद्या दिवशी फोन वाजला नाही की मोबाइल बिघडलाय का ते मी बघायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही आता आठवत नाही.

पेटी भरायच्या दिवशी मी फोम, प्लायवूड, मोठी टेप असं सगळं घेऊन गेले. विमानातल्या थंडीनं ताण बसू नये म्हणून वीरधवलनं तारा सैल केल्या. घोडी, म्हणजे तारांखालची ती हाडाची पट्टी, काढून वेगळी गुंडाळली. मी कागद भरायला घेतले.

"किंमत कमी लिही," तो हळूच म्हणाला. "कस्टम कमी बसतोय. समदी तसंच करत्यात."

"आणि वाटेत मोडली तर विमावाले तेवढेच देतील. जे खरं आहे ते लिहायचं."

"सगळ्याच बाबतीत?"

"कागदावर तरी."

"आणि तोंडावर?"

त्याच्या हाताला लाखेचा रंग लागला होता, आणि तो हात माझ्या हातापासून जेमतेम वीतभर... मी टेप उगाचच घट्ट गुंडाळली. "तोंडावर वेळ आली की बघू."

भामाबाई दारात येऊन पेटीत डोकावल्या. "मोकळीच चालली व्हय गं?"

"मोकळी कुठं मावशी, केवढा फोम घातलाय!" मी म्हटलं. तेवढ्यात कुरिअरवाल्याचा फोन आला, म्हणून मी रस्त्यावर गेले. परत आले तर झाकण लावलेलं होतं. वीरधवलनं खिळे ठोकले. पेटी टेम्पोत चढली. भामाबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि मला त्याचं हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही.

मेलबर्नला पेटी अडवली. तिथल्या तपासणीवाल्यांनी फोटोच पाठवला. फोमच्या थराखाली, भोपळ्याच्या कुशीत, मूठभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, हिरवा खण आणि हिरव्या बांगड्या. त्या देशात बाहेरचा एक दाणा चालत नाही. कागदावर मी फक्त सतार लिहिलेली, म्हणजे बाकीचं लपवून पाठवलं असा अर्थ झाला. सतार परत न्या, नाहीतर नष्ट करू, असं उत्तर. बंदी असलेला माल आत निघाला म्हणून विमावाल्यांनीही हात झटकले. मी पदरमोड करून सतार परत मागवली आणि पहिली गाडी धरून मिरज गाठलं.

मी फोन वीरधवलच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?"

त्यानं फोटो पाहिला. मागं घराच्या दाराकडं एक नजर टाकली. मग म्हणाला, "मी ठेवलं. चुकून राहिलं."

"चुकून?"

"व्हय."

"बांगड्या पण चुकून? तू भरतोस बांगड्या?"

आतून भामाबाई आल्या. त्यांनी फोटो दोनदा लांब-जवळ करून पाहिला.

"त्यानं न्हाई गं. मी भरली तिची ओटी. आमच्या घरातनं सतार गेली म्हंजी लेक सासरी गेली. माज्या सासूनं कवा मोकळी धाडली न्हाई, मी बी न्हाई. आजवर पुण्या-मुंबईला गेल्या, कुणी काय म्हनलं न्हाई."

"मावशी, तुमच्या ओटीनं माझं दुकान बुडालं."

बोलून गेले. त्यांचं तोंड एवढंसं झालं. कोपऱ्यात नानांची तार वाजायची थांबली. मी पर्स उचलली आणि निघाले.

वीरधवल स्टँडपर्यंत मागोमाग आला. ऊन मरणाचं होतं. माझा राग काही केल्या उतरत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो भामाबाईंवर नव्हताच.

"खोटं का बोललास?"

"ती रडली असती."

"मग?"

"आणि तुला वरडायचंच हुतं... तर माझ्यावर वरडावंस, म्हणून."

मी गाडीत चढले. कराड येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले, पण बाहेर काय होतं ते विचाराल तर सांगता येणार नाही. शेजारची सीट रिकामी होती. वाईट वाटलं. चांगलंच वाईट.

घरी गेल्यावर हेलनबाईंना काय लिहायचं हा प्रश्न होता. कुरिअरवाल्यांचा घोळ झाला असं लिहिता आलं असतं. सगळे लिहितात. मी खरं ते लिहिलं: आमच्याकडं लेक सासरी निघाली की आई तिची ओटी भरते, या घरात सतारीचीही भरतात, चूक झाली, तुम्ही तक्रार केलीत तर माझं दुकान बंद होईल, तरीही तुमचा तो हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पहिलंच वाक्य होतं, "म्हणजे मी तिची सासू झाले का?" पुढं लिहिलं होतं की कार्यक्रमाला अवकाश आहे, तोवर थांबते. त्याआधी सतार पोचली तर तक्रार नाही. नाही पोचली तर मात्र दुसरी घ्यावी लागेल, आणि मग तक्रारही करावी लागेल. रोखठोक बाई. मला आवडली.

सतार मिरजेला परत आली तेव्हा भोपळ्याला बारीक तडा गेला होता. भामाबाई तिच्याकडे बघेनात. लेक माघारी आली म्हणून दोन दिवस धड जेवल्या नाहीत, असं वीरधवलनं फोनवर सांगितलं. मी गेले. त्यांच्याजवळ बसले.

"मावशी, तेव्हा तोंडाला येईल ते बोलले. चुकलं माझं."

"तुजं न्हाई चुकलं पोरी. त्या देशाला आमची रीत कशी ठावं असंल?" मग पदर सावरत, "पर मोकळी धाडायची म्हंजी माजा जीव हुत न्हाई बघ."

वीरधवलनं तडा भरला, पुन्हा लाख चढवली. मी शेजारी बसून बॅटरीचा उजेड धरायची. तो म्हणायचा, "हात हलतोय तुझा." मी म्हणायची, "तुझाच हलतोय." दोघांचे हलत होते. आण्णांनी घरी विचारलं, एका सतारीला इतक्या खेपा? मी म्हटलं, महाग माल आहे, लक्ष ठेवावं लागतं.

पुन्हा पेटी भरायचा दिवस उजाडला. या वेळी मी जागची हलले नाही. फोमचा एकेक तुकडा झटकून ठेवला. सतार अजून बाहेर गादीवर होती, तेव्हा भामाबाई ताट घेऊन आल्या. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण, बांगड्या.

"पेटीत न्हाई घालत गं," त्या घाईनं म्हणाल्या. "निस्तं दाखवते तिला."

त्यांनी ताट सतारीपुढं धरलं. हळदीकुंकवाचं बोट भोपळ्याकडं नेलं आणि माझ्याकडं बघून मागं घेतलं. मग ओंजळभर तांदूळ उचलले, आणि ओंजळ तशीच राहिली. घालणार कुठं? वीरधवल टेप हातात धरून खाली बघत होता.

माझ्यानं ते बघवेना. मी उठले, ओढणी दोन्ही हातांनी पसरली आणि त्यांच्यापुढं उभी राहिले.

"तिची माझ्या ओढणीत घाला, मावशी."

भामाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग लेकाकडं, मग पुन्हा माझ्याकडं.

"पोरी... लगीन न झालेल्या पोरीची अशी भरत न्हाईत गं. साखरपुड्याला भरत्यात. आनि ती सासू भरती."

"ठाऊक आहे मला."

टर्रकन आवाज झाला. वीरधवलच्या हातातली टेप सुटून त्याच्याच बोटांना चिकटली होती. ती सोडवायची सोडून तो माझ्याकडं बघत राहिला. "संयोगिता, हे... म्हणजे..."

"तोंडावर खरं कधी बोलणार, असं विचारलं होतंस ना? आता बोलते. मला तू आवडतोस. लय आवडतोस. आता सुभेदारांशी तू बोलायचं, मी नाही."

"आजच येतो," तो म्हणाला. "टेप निघाली की येतो."

भामाबाई हसत होत्या की रडत होत्या, काही कळायला मार्ग नव्हता. ओंजळ ओढणीत पडली. मग नारळ, मग खण. ओढणीला चांगलंच वजन आलं.

कोपऱ्यातून नानांचा आवाज आला. इतक्या महिन्यांत मी तो पहिल्यांदा ऐकला.

"वीर, झाकण लावायच्या आदी भोपळ्यापाशी बघ रं. एखादा दाणा ऱ्हायला आसंल."

पेटी बंद झाली. मग आम्ही दोघं कोरेगावला गेलो. ओटीच्या तांदळाची माझ्या आईनं खीर केली. वीरधवल समोर ताठ बसलेला, बोटांना अजून टेपचा चिकटा. आण्णांनी दोन वाट्या खीर संपवली, तोंड पुसलं आणि मगच त्याला विचारलं, "पोरा, लष्करात जायचं सुचलं नाही का?" आण्णांचा नकार यापेक्षा फार मोठ्या आवाजात असतो, एवढं मला माहीत होतं.

सतार वेळेत पोचली. हेलनबाईंनी वाजवतानाचा फोटो पाठवला. त्यांची एकच तक्रार होती, तीही साइटवर नाही, मला एकटीला लिहिलेली: पेटी उघडली, सगळं शोधलं, पण आत ओटी नव्हती.

मी उत्तर धाडलं, "ती मला मिळाली."