दोन धारांच्या पलीकडे

"कोणी सोडला तो वळू? आधी तेवढं सांगा मला! कोणी सोडला?"

रोवेनाने किटली टेबलावर अशी आदळली की चहा उसळून थेट ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर सांडला, आणि डार्विनपासून ब्रूमपर्यंतचा सगळा उत्तर किनारा तपकिरी होऊन गेला. रविवारचं जेवण होतं. भाजलेलं मेंढीचं मांस ताटांतच गार पडत चाललं होतं. जनावरांची डॉक्टर जॉस नुकतीच हात धुऊन निघून गेली होती, आणि जाता जाता दारातून जे बोलली होती ते अजून सगळ्यांच्या कानांत घुमत होतं... "रो, तुमच्या त्या मागच्या कालवडी ऑगस्टमधे नाही गं व्यायच्या. जून लागला की सुरू होतील. वळू फार लवकर गेलाय त्यांच्यात."

जून! बारा महिन्यांतला नेमका जून!

गिप्सलँडच्या त्या टेकड्यांत माणसाचं वर्ष गाई ठरवतात. मे सरताना सगळा कळप आटवायचा, आणि मग पोटुशा गाई कुरणात सुस्तावलेल्या असताना वर्षातले तेवढेच दोन महिने गोठ्यातलं धारेचं मशीन मुकं असतं. रोवेनाने निघायला त्यांतला पहिला, जून महिना धरला होता. वर्षभर, एकटीने, सबंध ऑस्ट्रेलियाला गाडीने प्रदक्षिणा! थंडीच्या, म्हणजे तिकडच्या जून-जुलैच्या, कोरड्या दिवसांत आधी उत्तर गाठायची, तिकडे पाऊस लागून रस्ते बुडायच्या आत पश्चिम किनाऱ्याने खाली उतरायचं, उन्हाळा दक्षिणेत काढायचा, शेवटी बोटीतून टास्मानिया, आणि पुढच्या मे महिन्यात घर. महिनाभर उशीर झाला की सगळंच कोलमडतं. जुलैअखेर एक तरुण जोडपं गोठा सांभाळायला येणार होतं, तेही एकाच वर्षासाठी. पुढच्या वर्षी त्यांचा स्वतःचा गोठा होता. तशी भरवशाची माणसं पुन्हा मिळायची तर देव पाण्यात घालून बसावं लागलं असतं. आता नाही तर कधीच नाही, हे त्या घरातलं कुत्रंसुद्धा जाणून होतं!

"माझ्याकडे काय बघतेस?" डेमियन म्हणाला. तिचा धाकटा भाऊ, मेलबर्नहून सणासुदीला उगवणारा पाहुणा.

"मग कोणाकडे बघू? वसंतात पोरांना गाई दाखवायला कोण आलं होतं? फाटकं उघडी टाकायची खोड तुझी लहानपणापासूनची!"

"अगं, डोकं फिरलंय तुझं त्या प्रवासापायी! गाडीत फ्रीज बसवला, मागे फळ्यांचा पलंग ठोकला, चार वेळा चाक बदलून बघितलं, म्हणजे झाली का बाई भटकी? वाळवंटात गाडी बंद पडली तर काय कांगारूंना हाका मारणार?"

"कांगारू बरे रे! निदान ते जेवायला येऊन वर अक्कल शिकवत नाहीत."

टेबलाच्या टोकाला त्यांचा म्हातारा बाप, क्लेम, बटाटा कुस्करत बसला होता. कंबरेतला सांधा बदलल्यापासून तो लंगडत चाले, आणि बायको गेल्यापासून बोलणंही तसंच, अडत अडत.

"पुरे आता," तो म्हणाला. "झालं ते झालं. पुढच्या वर्षी जा. ऑस्ट्रेलिया कुठे पळून चाललाय?"

रोवेनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुढच्या वर्षी! हेच शब्द तिने आईच्या आजारपणात ऐकले होते, बाबांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ऐकले होते, डेमियनचा संसार मोडला आणि त्याची पोरं इथे राहायला आली तेव्हाही ऐकले होते. दरवेळी तिने नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला, बूट चढवले आणि गाईंना हाळी दिली. पहाटेची धार आणि दुपारची धार... या दोहोंच्या मधे जेवढं मावलं तेवढंच तिचं आयुष्य! समुद्र तासाभराच्या वाटेवर होता, पण त्याच्या काठावरची संध्याकाळ तिने कधी पाहिली नव्हती, कारण संध्याकाळ पाहायला थांबलं की दुपारची धार चुकते. एकाने तिला लग्नाचं विचारलं होतं. भला माणूस होता, क्वीन्सलँडला चल म्हणाला होता. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. तो बिचारा वाट पाहून पाहून शेवटी निघून गेला, आणि त्या दिवशीसुद्धा हिने वेळेवर धार काढली होती.

"मी जाणार," ती म्हणाली. "कालवडी व्यावोत नाही तर आभाळ कोसळो, मी जूनमधे जाणार! आणि तू, डेमियन, पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस."

डेमियन ताट लोटून उठला, गाडीत बसला आणि धूळ उडवत निघून गेला. क्लेमने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची धार आटोपून रोवेना त्या कालवडींकडे गेली. ओढ्यापलीकडचं कुरण, पूल नाही, काठ उभाच्या उभा. कालवडींचं सगळं बाबाच बघत, म्हणून कित्येक दिवसांत ती इकडे फिरकलीही नव्हती. भरल्या पोटाच्या त्या मुक्या पोरी तिच्याकडे टुकुटुकु बघत उभ्या राहिल्या... त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष! तिने फाटकाला हात लावला आणि तशीच थबकली.

हे फाटक चढावर, ऐन वळणावर होतं. इथे जनावर आणायचं तर मोठ्या रस्त्याने फिरून, ट्रेलरमधूनच. आणि तो ट्रेलर त्या चढावर उलटा, मागे मागे घेत फाटकाला भिडवायचा. डेमियनने एकदाच तो प्रयत्न केला होता, ट्रेलर खड्ड्यात घातला होता आणि तेव्हापासून त्याला हात लावला नव्हता. फाटक उघडं राहून वळू इथे चालत येणं शक्यच नव्हतं. त्याला कोणीतरी आणला होता. आणि या वळणावर ट्रेलर मागे घेणारी माणसं जगात दोनच होती. एक ती स्वतः.

तिने फाटकाची कडी पुन्हा लावली आणि ती घराकडे वळली.

दुपारी गोठ्यात मशीन धडधडत होतं. क्लेम गाईंच्या सडांना नळ्या लावत होता. रोवेना सरळ गेली आणि तिने मशीनच बंद केलं! ऐन धारेत मशीन बंद पडण्याची त्या गोठ्यातली ती पहिलीच वेळ. गाईंनीसुद्धा माना वळवल्या.

"बाबा, वळू तुम्ही नेलात."

क्लेम हातातली नळी पुसत राहिला.

"काल पोराला माझ्या शिव्या खाऊ दिल्यात! बटाटा कुस्करत बसलात! बोला ना!"

"हो, मीच नेला!" म्हातारा एकदम कडाडला. "नेला! काय करशील? तू तो नकाशा पसरलास ना, त्याच आठवड्यात नेला! एकटी बाई, चार दिवस माणूस दिसत नाही असल्या रस्त्यांवर... तुझी आई गेली, पोरगा गेला, आता तूही चाललीस. मी सकाळी उठून हाक कोणाला मारू? या गाईंना?"

"मग तसं म्हणायचं होतं, बाबा! 'रो, मला भीती वाटते' एवढे चार शब्द! मी तुमची लेक आहे, तुमच्या कळपातली गाय नाही, फाटक लावून अडवायला! उभं आयुष्य दिलं मी तुम्हाला. मागितलं असतंत तर उरलेलंही दिलं असतं... पण तुम्ही मागितलं नाहीत. तुम्ही चोरलंत!"

ती हुंदके देत होती, पण हातांना खळ नव्हती. मशीन पुन्हा सुरू करून ती नळ्या लावत सुटली, कारण सडांतलं दूध कोणाच्या भांडणासाठी थांबत नाही. बापलेकींनी शेजारी शेजारी उभं राहून, एकमेकांकडे न बघता, उरलेली धार पुरी केली.

तिने डेमियनला फोन केला. "चुकले रे मी."

"वर्षानुवर्षं धांदरट म्हणून मीच सापडतो तुला," तो फणकारला. मग म्हणाला, "तू निघ. तू गेलीस की दोन दिवसांत मी रजा टाकून येतो. गाय मला बघून लाथ मारते, पण येतो."

पुढचे सगळे दिवस बापलेकींत गाईंपुरतंच बोलणं झालं. तिने पाण्याची टाकी बसवली, इंधनाचे डबे टपावर बांधले, नवा नकाशा आणला. क्लेम ते सगळं खिडकीतून बघे आणि ती वळली की पडद्याआड होई. तिचा राग निवला नव्हता. बाहेरून थंड दिसणाऱ्या तव्यासारखा तो आतून तापलेलाच होता.

निघायच्या सकाळी ती गाडीत बसणार, तोच गोठ्यामागच्या वाड्यातून कण्हणं ऐकू आलं. दिवस भरत आलेल्या कालवडी घराजवळ आणून ठेवल्या होत्या, त्यांतली एक आडवी पडून कळा देत होती. रोवेनाला लांबूनच दिसलं... बाहेर आलेल्या खुरांचे तळवे वर होते. वासरू उलटं होतं! तिने अंगातलं जाकीट फेकलं, बाह्या वर सारल्या आणि ती धावली.

"हात लावू नकोस तिला!"

क्लेम लंगडत, धापा टाकत आला आणि लेकीच्या आणि कालवडीच्या मधे उभा राहिला. संतापाने तो नुसता लालबुंद झाला होता.

"बाबा, वासरू उलटं आहे! तुमच्या एकट्याच्यानं ओढवणार नाही. मरेल ती!"

"मरू दे! ऐकलंस? मरू दे! माझं पाप आहे, मी निस्तरेन. तू आज थांबलीस तर उद्या दुसरी अडेल, परवा तिसरी, आणि मग तुझा जून संपेल... जन्मभर तुझं थांबणंच खात आलो मी, पोरी! आता घास गिळवत नाही. जा! निघ! गाडीत बस म्हणतो ना!"

ज्या माणसाने एक वासरू वाचवायला बायकोच्या वाढदिवसाचं जेवण टाकून चिखलात रात्र काढली होती, तो माणूस 'मरू दे' म्हणत होता. रोवेनाने एक पाऊल पुढे टाकलं, तशी त्याने खांबाची दोरी उचलली आणि तिच्याकडे पाठ फिरवून तो कालवडीशेजारी गुडघ्यांवर बसला. ते दुखरं कंबरडं घेऊन तो कसा बसला, देव जाणे. तिने गाडी सुरू केली. समोरचा रस्ता तिला कितीतरी वेळ नीट दिसत नव्हता.

दुपारी ती कॅन रिव्हर नावाच्या गावी पोचली तेव्हा एरवीची धारेची वेळ झाली होती. गोठा मुका होता, तरी आता मागे फिरूनही ती वेळ गाठता आली नसती, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिने घरी फोन लावला. ती अजून रागातच होती, तरी लावला.

"पाडी झाली," क्लेम म्हणाला. "काळी-पांढरी, कपाळावर चांदवा. आई चाटतेय तिला. जीव मोठा घाबरट तुझा! चल, फोन ठेव, मला काम आहे."

तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तिने उत्तरेची वाट धरली.

जुलै सरत आला असताना ती उत्तरेतल्या कॅथरिन गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला चहा उकळत बसली होती, तेव्हा डेमियनचा फोन आला. नवं जोडपं आलं होतं आणि तो आता मेलबर्नला परत निघाला होता. बोलता बोलता म्हणाला, "बाकी कालवडी धडधाकट व्यायल्या गं. ती पहिली गेली तेवढीच."

"कुठली पहिली?"

"तू निघालीस त्या दिवशीची. वासरू मेलेलंच निघालं ना! ती पुन्हा उभीच राहिली नाही. दोन दिवस तिच्या तोंडाशी पाणी धरून बसले होते बाबा. मी आलो तेव्हा त्यांच्या हातांची सालं निघालेली, दोरीने... तुला सांगितलं नाही त्यांनी?"

रोवेनाने घरचा नंबर लावला.

"खोटं बोललात!" ती ओरडली. त्या उजाड माळावर तिचा आवाज लांबवर गेला. "पुन्हा खोटं! कपाळावर चांदवा म्हणे! आई चाटतेय म्हणे!"

"खरं सांगितलं असतं तर कॅन रिव्हरवरून परत वळली असतीस," क्लेम शांतपणे म्हणाला. "वळली असतीस की नाही, बोल."

ती रस्त्याकडेच्या लाल मातीत मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली... त्या मेलेल्या वासरासाठी, सोललेल्या म्हाताऱ्या हातांसाठी, आणि एवढे दिवस ज्या रागाच्या जोरावर ती गाडी हाकत आली होती, तो आता सापडेनासा झाला होता म्हणून. पलीकडे क्लेमने फोन ठेवला नाही. तो वाट बघत राहिला.

"झालं ओरडून?" त्याने विचारलं.

"झालं."

"मग सांग आता. तिकडे गवत कसंय?"

रोवेनाने बाहीला नाक पुसलं आणि उभं राहून चहूकडे नीट पाहिलं.

"वाळलंय, बाबा," ती म्हणाली. "पण उंच आहे. माझ्या कमरेला लागतंय."