पट्टीवरची हळद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात निकेलच्या टाकीतून स्कूटरची हँडलं वर आली ती काळीठिक्कर, खड्डे पडलेली. सगळा माल भंगारात. सकाळी हे झालं, दुपारी फोन गेला. फौजदार मल्हारराव जीपमधून उतरतात न उतरतात तोच मॅनेजरनं बोट दाखवलं, "हाच तो." आणि सांडू वायरमनला फाटकातच, सगळ्यांदेखत बेडी पडली.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा शहर नुसतं धुमसत होतं. सांडू मोर्चात जायचा, एवढं लोकांना पुरेसं होतं. फाटकाबाहेर दोन टोळकी एकमेकांकडं डोळे वटारून उभी. संध्याकाळपर्यंत खरं कळलं नाही, तर सांडू कोठडीत जाणार आणि बाहेर दगड उडणार. मल्हाररावांच्या जिवाला चैन नव्हतं.

बेडीतल्या सांडूला घेऊन ते आत गेले. फोरमन पुंजारामनं रेक्टिफायरचं कपाट दाखवलं. विजेचा मागंपुढं हेलकावणारा प्रवाह हे कपाट एकाच दिशेचा करतं. बाहेर तांब्याच्या दोन पट्ट्या, लाल अधिक, काळी उणे. उणे टोकाला हँडलं टांगली की निकेल चढतं. उलटं जोडलं की हँडलाचं लोखंडच झिजतं.

"बघा, लाल वायर काळ्या पट्टीवर. मुद्दाम केलंय."

"काय रे सांडू?"

"लालला लाल, काळ्याला काळी जोडली साहेब. रोजच्यावानी."

"पट्ट्या कुणी रंगवल्या?"

"मीच," पुंजाराम म्हणाला. "खंडेनवमीच्या आदल्या दिशी वायरी सोडून चिंचेनं घासल्या, रंग दिला. मंग पूजा झाली. तवापासून ब्रश लागला नाय."

"रंगाच्या कपाटाची किल्ली?"

"माझ्याच कंबरेला."

मल्हारराव येरझाऱ्या घालू लागले. पंखा, बटणं, टाकीचा काठ, सगळीकडं हळदीकुंकवाची बोटं उठलेली. ते एकदम थांबले.

"पूजा कुणी केली?"

"म्या," झाडलोट करणारी सुगंधाबाई पुढं आली. "एक भाग सोडला नाय. पट्ट्यांना बी बोटं लावली. पूजेची हळद कुणी पुसत नाय साहेब, तिच्या मनानं जाईल तवा जाईल."

पट्ट्या मात्र लख्ख कोऱ्या होत्या.

"मेन बंद करा. पुंजाराम, ती किल्ली द्या."

किल्लीनं त्यांनी लाल पट्टी खरवडली. रंग अजून चिकट होता. खाली पिवळी हळद निघाली आणि हळदीखाली काळा रंग. दुसऱ्या पट्टीवर काळ्याखाली हळद, तिच्याखाली लाल.

"पूजेआधीच्या रंगाखाली हळद कशी येईल?" मल्हारराव म्हणाले. "घासल्यावर तुम्ही रंग उलटे दिलेत. हळद त्यावर लागली. आज सांडूनं रंग बघून वायरी जोडल्या, माल गेला, तेव्हा तुम्हाला चूक कळली. मग जेवणाच्या सुट्टीत वायरी तशाच ठेवून पट्ट्यांचे रंग तेवढे बदललेत."

पुंजारामनं हात जोडले. "नोकरी गेली असती, साहेब. आन् सांडूनं केलं म्हनलं, तर कुणी इचारलंच नसतं."

खरंच होतं. बेडी घालताना मल्हाररावांनी तरी कुठं विचारलं होतं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चला, झालं गेलं विसरा," मॅनेजर म्हणाला. "सांडू, उद्यापासून ये कामावर."

मल्हाररावांनी बेडीची चावी काढली. सांडूनं हात मागं घेतले.

"इथं नको साहेब. जिथं घातली तिथं काढा."

मल्हाररावांनी मान डोलावली आणि ते त्याच्यासोबत फाटकाकडं निघाले.