चेन अर्धी उघडी ठेवायची

जेवणाच्या टेबलावरच्या मॅटचा पाऊच शिवायचा असेल तर एक गोष्ट आधी सांगते, कारण सगळं तिथेच बिघडतं. मॅटच्या दोन्ही आखूड कडांना चेन जोडली की कापडाची नळी होते. ती उलटी करायची, दोन्ही बाजू शिवून टाकायच्या, आणि मग चेनच्या फटीतून सगळं सुलटं करायचं. म्हणून बाजू शिवायच्या आधी चेन अर्धी उघडी ठेवायची. विसरलात तर चेन सरकवायचा रनर आत राहतो, सुलटी बाजू आत राहते, वर भरलेलं नाव आत राहतं आणि तुमच्या हातात सगळीकडून बंद झालेलं एक उलटं पाकीट उरतं. नवशिक्या बायका हमखास विसरतात. मी बावीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं आहे, मला एकदा सांगितलेलं पुरतं.

आम्ही आलमबागला रेल्वे कॉलनीत राहतो. माझा नवरा मधुकर सिग्नलचा इंजिनिअर आहे. मूळचे आम्ही वर्ध्याचे, पण लखनौत एकोणीस वर्षं झाली, आणि आमची मुलगी स्वरदा इथेच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. त्यावरून मी तिला किती बोलले असेन याचा हिशेब नाही.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या विनीताताईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण आमच्याकडे सोपवलं. दरवर्षीच्या स्टीलच्या वाट्यांना बायका कंटाळल्या होत्या. स्वरदाने तयार मॅटचे पाऊच सुचवले, प्रत्येकीचं नाव भरतकामात. कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन तिच्याच हट्टाने घरात आलं होतं. मॅट आम्ही दोघींनी अमीनाबादच्या बाजारातून आणल्या, मोहरीच्या रंगाच्या, जाड विणीच्या, चोवीस. वीस बायकांसाठी आणि चार चुकण्यासाठी. चुकण्यासाठी चार कशाला, म्हणून मी तिला चिडवलंही होतं.

नऊ जानेवारीला लक्षात आलं की चेन आणायच्या राहिल्या. बाहेर दाट धुकं होतं. ती म्हणाली की उद्या आणते. मी म्हटलं, आजच आण, आणि मोहरीच्या रंगाच्या आण, लिंबाच्या नकोत. अकरा वाजता ती ई-रिक्षात बसली. दुकानदाराला ती आठवत होती, कारण तिने दोन डझन चेन घेताना दोनदा दारात येऊन उजेडात रंग जुळवला होता. त्यानंतर तिला कोणीही पाहिलं नाही. फोन बंद. पोलिसांनी करायचं ते केलं. आम्ही चारबाग स्टेशनच्या भिंतींवर तिचे फोटो लावले, पावसात ते गळून पडले, पुन्हा लावले. चार महिने मी रोज स्टेशनवर जाऊन चेहरे बघत बसत असे. तिला मी पाठवलं होतं. ती उद्या म्हणाली होती आणि मी आजच म्हटलं होतं. वर्षभर मी जेवले, झोपले, बँकेत गेले, पण हे माझ्या डोक्यातून एक मिनिटही गेलं नाही.

या जानेवारीत विनीताताई आल्या. चहा निवल्यावर त्या म्हणाल्या की ते पाऊच पूर्ण केलेस तर हात चालू राहतील, बरं वाटेल. मी हो म्हटलं. बरं वाटण्यासाठी नाही. त्या मॅटना तिचे हात लागले होते, बायकांच्या नावांच्या फाइली तिने बनवल्या होत्या. मला त्या उघडायला कारण हवं होतं.

चेन मधुकरने आणल्या. लिंबाच्या रंगाच्या. त्याला सिग्नलचे तीन रंग सोडून चौथा कळत नाही. मी त्याच लावल्या. मागच्या खोलीत खिडकीशी मशीन होतं. धुक्यामुळे दुपारीही दिवा लावावा लागे. वर्कशॉपचा भोंगा, शंटिंगची धडधड, मशीनची कटकट, एवढेच आवाज. आठ दिवसांत वीस पाऊच झाले. चार मॅट उरल्या.

फाइलींच्या यादीत तळाला एक नाव होतं, तिने पहिल्या दिवशी ट्रायल म्हणून केलेलं, स्वतःचं. मी लाल दोरा ओवला आणि ते सुरू केलं. सुई ‘स्व’वर गेली, मग ‘र’वर. ‘दा’ पूर्ण होईपर्यंत मला नीट दिसेनासं झालं होतं. तशीच पुढे शिवत गेले, आणि शेवटची शिवण संपल्यावर पाहते तर चेन पूर्ण बंद. फिजिक्सच्या बावीस वर्षांची शिस्त मातीत.

उसवायला घेतलं तेव्हा पाकिटात काहीतरी हाताला लागलं. ब्लेडने एक बाजू सोडवली. आत एक चेन होती. नवी, दुकानाची कागदी पट्टी अजून गुंडाळलेली.

मोहरीच्या रंगाची.

मी शिस्तीने विचार केला. मॅटच्या घडीत वर्षभर अडकून राहिली असेल, तर सुईखाली कशी आली नाही? आधीची असेल, तर मग तिला चेन आणायला पाठवलं कशाला? मी मशीनचा पत्रा, टोपली, सगळे कप्पे तपासले. मग जे मुलांना करायला लावायचे तेच केलं. जुन्या चादरीचा तुकडा घेतला, त्यावर तेच नाव भरलं, चेन बंद ठेवून शिवला. उसवला. आत काही नव्हतं. गाळणीच्या फडक्याचा केला. काही नव्हतं. म्हणजे त्याच मॅट हव्या होत्या, आणि त्या तीन उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मधुकर ड्यूटीवर गेल्यावर एक घेतली. शिवण्याआधी आत हात फिरवला, झटकली. नाव भरलं, चेन बंद केली, बाजू शिवल्या आणि पाकीट मांडीवर ठेवून बसले. आधी ते नुसतं कापड होतं. शंभर मोजेपर्यंत त्याला वजन आलं. एकदम नाही, हळूहळू, भांड्यात नळ बारीक सोडावा तसं. उसवलं तर आत तिचा केसांचा क्लचर होता, त्या दिवशी लावलेला. तो ओला होता आणि बर्फासारखा गार होता. त्याच्या दातात एक लांब केस होता.

मधुकर जेवायला आला तेव्हा मी तो त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने क्लचर हातात घेतला, बराच वेळ धरला. मग म्हणाला की असे तिच्याकडे दोन होते, हा ड्रॉवरमधला असणार. मी विचारलं, ओला कसा? तो पोळीचा तुकडा ताटातच ठेवून उठला. हात धुताना नळ चालू ठेवून तो रडला, मला ऐकू येऊ नये म्हणून. संध्याकाळी त्याने कोणा डॉक्टरांना फोन केला आणि माझ्यासाठी वेळ घेतली.

डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. मला त्याआधी दोन मॅट संपवायच्या होत्या.

तिसऱ्या मॅटमध्ये मी कागद ठेवला. ‘स्वरदा, कुठे आहेस? आई.’ सोबत पेन्सिलीचा तुकडा. नाव, चेन, शिवण. या वेळी मी भोंगा होईपर्यंत थांबले. मांडीवर ते पाकीट गार पडत गेलं, माझ्या साडीतून मांडीला गारवा लागला. उसवताना घाईत ब्लेड दोनदा बोटाला लागलं.

कागदावर माझ्या अक्षराखाली तिचं अक्षर होतं. तिचा गोल ‘ब’ मी कुठेही ओळखेन.

‘आई, अब मत खोलना. चेन बंद रहने दो. मैं यहाँ अकेली नहीं हूँ.’

मी ते किती वेळा वाचलं मला माहीत नाही. आधी मला फक्त एवढंच कळत होतं की ती आहे. लिहिते आहे, मला आई म्हणते आहे. खरं सांगायचं तर शेवटचं वाक्य वाचून मला बरं वाटलं. एकटी नाही, म्हणजे कोणीतरी सोबतीला आहे. माझी पोर वर्षभर एकटी नव्हती. कणीक भिजवताना, ते वाक्य मनात म्हणत असताना, मला ते दुसऱ्या तऱ्हेने ऐकू आलं. मी परात तशीच ठेवून देवाजवळ जाऊन उभी राहिले. काय मागावं ते सुचेना.

मधुकरला कागद दाखवला नाही. त्याने विश्वास ठेवला नसता आणि उरलेली मॅट काढून घेतली असती. किंवा त्याने विश्वास ठेवला असता आणि तरीही काढून घेतली असती.

रविवार उजाडला. मधुकर घरी होता, पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसला होता. धुकं खिडकीला टेकलं होतं. मी चौथी मॅट घेतली आणि ‘स्वरदा’ भरलं. एकही टाका चुकला नाही. चेन लावली, बंद केली, बाजू शिवल्या.

ब्लेड मी घेतलं नाही. उसवलं की तिकडची वस्तू इकडे येत होती, पण एवढंच, तुकडा तुकडा. मला वस्तू नको होत्या. रनर आत होता, तिच्या बाजूला. तिने ठरवलं तर ती चेन उघडू शकत होती. तिने लिहिलेलं मला पाठ होतं. पण सोमवारी डॉक्टर होते, आणि पुढे मॅट नव्हती.

मी पाकिटावर बोट वाजवलं आणि हळूच म्हटलं, "स्वरदा, आई आहे. उघड."

पाकीट गार झालं. जड झालं.

चेनच्या कडेला आतून एक टोक वर आलं. सुईचं. ते खाली गेलं आणि पुन्हा थोडं पुढे वर आलं. लाल दोऱ्याचा टाका पडला, मग दुसरा. उलटा टाका, मागे येऊन पुढे जाणारा. हा मी तिला सातवीच्या सुट्टीत शिकवला होता. ती चेन आतून शिवून टाकत होती.

मी ब्लेड उचललं आणि पहिला टाका कापला.

ती पुढे शिवत होती, मी मागून उसवत होते. टाके वेडेवाकडे पडू लागले, घाईचे. मी तिला सांगत होते, सोड, बाळा, आई आहे ना, सोड. सुई आणखी भरभर चालू लागली. एकदा ती माझ्या बोटाच्या इतकी जवळ वर आली की मला तिच्यावरचा रक्ताचा थेंब दिसला. तो माझा नव्हता.

पण मी तिच्यापेक्षा चटपटीत आहे. घरातलं कुठलंही काम तिने हातात घेतलं की मीच ते पुरं करायची.

शेवटचा टाका मी कापला तेव्हा सुई अर्धी वर आलेली होती. ती तशीच राहिली. मग मागे खेचली गेली.

बराच वेळ काही झालं नाही. मालगाडी गेली, तावदानं थरथरली आणि थांबली.

मग आत रनर सरकला. एकेक दात सुटल्याचा आवाज येत होता, सावकाश. त्यात मघाची घाई नव्हती. चार बोटं मावतील एवढी फट पडली आणि आवाज थांबला. फटीतून ओल्या विटांचा वास आला.

मी हात आत घातला. मनगटापर्यंत गेला, आणखी पुढे गेला. वीतभर पाकिटात माझा हात कोपरापर्यंत गेला.

कोणीतरी माझी बोटं धरली.

स्वरदाचा हात माझ्याहून लहान आहे. बांगडीचं माप घेताना मी नेहमी हसायची. या मुठीत माझा पंजा मनगटासकट मावला. मी अंगठ्याने चाचपून पाहिलं, जिथवर पोचता आलं तिथवर. ती कातडी गुळगुळीत होती, तिला सांध्यांवर एकही सुरकुती नव्हती.

मी हात ओढून घेतला नाही. वर्षभरात तिकडून पहिल्यांदा कोणीतरी मला धरलं होतं.

पुढच्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कांचन," मधुकरने विचारलं, "आत हिंदीत कोण बोलतंय?"

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.

"स्वरदा आलीये," मी म्हटलं. मग दुसऱ्या हाताचं बोट फटीत घालून रनर शोधला आणि चेन शेवटपर्यंत उघडली.