खिडकीतली हिमनदी

"मला माझ्या आईला स्कीइंगपासून वाचवायचंय," असं म्हणत तो समोरच्या खुर्चीत बसला, आणि टाचणीच्या हातातली पेन्सिल हातातच राहिली.

आठ वर्षं ती त्या प्रवास कंपनीत डोंगरांच्या सहली आखत होती. सडपातळ अंगकाठी, त्यात नकाशांवर सतत काहीतरी टोचत बसायची सवय... म्हणून ऑफिसात तिचं नाव टाचणी पडलं होतं, आणि एव्हाना तीही त्या नावाला मुकाट्याने ओ द्यायची. लोक तिच्याकडे कुठेतरी जाण्यासाठी येत. न जाण्यासाठी आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक!

"म्हणजे... सहल रद्द करायचीय का?"

"अजून ठरलेलीच नाही. ती ठरू नये, एवढंच ठरवायचंय." त्याच्या कोपराला काहीतरी पांढरं, वाळलेलं चिकटलं होतं. तिची नजर तिकडे गेली तसा तो ओशाळला. "प्लास्टर आहे हे. मी हॉस्पिटलात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालतो. हिवाळा आला की सहलीवरून परतलेल्या या स्कीइंगवाल्यांची रांग लागते माझ्याकडे. आणि आता आमच्या मातोश्री म्हणतात, मला बर्फावरून घसरायचंय. वय वर्षं त्रेसष्ट!"

"मग त्यांना सरळ नाही म्हणा की."

"तुम्ही अजून भेटला नाहीत तिला. शाळेत खेळाच्या बाई होती ती. नाही म्हटलं की मैदानाला दोन फेऱ्या." त्याने आवाज खाली आणला. "असं एखादं ठिकाण सुचवा, की नुसतं ऐकूनच तिला घाम फुटेल."

टाचणीला हसू आवरेना. तिने भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवलं. लाकडी घरांचं चिमुकलं गाव, आणि त्याच्या डोक्यावर झेपावणारी निळसर हिमनदी.

"हे बघा. इथे मोटारींना बंदी आहे. एकही गाडी नाही. आधी तीन आगगाड्या बदलायच्या. चौथी दातेरी रुळांवरून कड्याला धरून चढते. उतरलं की बर्फातून पायी, आणि मग गेस्ट हाऊसच्या एकशे बारा पायऱ्या."

"वा!" त्याचा चेहरा खुलला. "आई दुसऱ्या गाडीतच कंटाळेल."

इथे थांबायला हवं होतं. पण त्या गावाबद्दल बोलायला लागली की टाचणीला थांबता येत नसे. "पण एकदा पोचलात ना, की... हॉर्न नाही, धूर नाही. बुटांखाली बर्फ करकरतो, तेवढाच काय तो आवाज. सामान न्यायला विजेवरची छोटी गाडी येते, घंटी वाजवत. आणि सकाळी पडदा बाजूला केला, की समोर हिमनदी. आधी निळी असते. मग ऊन येतं, आणि..."

ती अडखळली. तो चित्राकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता.

"आणि?"

"आणि... गुलाबी होते," ती म्हणाली, आणि स्वतःच तशी झाली.

"तुम्ही भयंकर आहात," तो सावकाश म्हणाला. "आलो होतो आईला घाबरवायला. आता मलाच जावंसं वाटायला लागलंय."

पुढच्या गुरुवारी, त्याची हॉस्पिटलातून अर्धी सुट्टी असते त्या दिवशी, तो आईला घेऊनच आला. ताठ कणा, आखूड केस, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा आवाज.

"मोटारी नाहीत? झकास! निदान चालायला तरी जागा मिळेल," आईंनी जाहीर केलं, आणि लेकाचं तोंड एवढंसं झालं.

टाचणीने फॉर्म काढला. उंची, वजन, बुटाचं माप. शेवटचा प्रश्न, स्कीइंग कितपत येतं.

"लिही, शिकेन."

"लिहा, येत नाही."

टाचणीने दोन्ही लिहिलं.

त्यानंतर दर गुरुवारी तो एक नवी शंका घेऊन यायचा. गावात डॉक्टर आहे का? आहे, स्टेशनपासून चार मिनिटांवर. तो प्लास्टर नीट घालतो का? विचारून सांगते. आणि ती खरोखरच गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंना फोन लावून विचारायची. शेजारच्या टेबलावर समुद्रकिनाऱ्याच्या सहली विकणाऱ्या काकूंना हे सगळं दिसत होतं.

"एका सहलीला सात गुरुवार!" त्या एकदा म्हणाल्या. "एवढ्यात मी अख्खं जहाज भरलं असतं बाई."

"शंका असतात लोकांना, काकू."

"शंका त्याला नाहीत. मला आहेत."

एकदा त्याने सहज विचारलं होतं, "तुम्ही स्वतः किती वेळा गेलात तिथे?" टाचणी नकाशाची घडी घालत म्हणाली होती, "ते गाव मला पाठ आहे." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. त्याने विश्वास ठेवला. ती त्या गावात एकदाही गेलेली नव्हती. तिने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला.

आठव्या गुरुवारी तो आला, पण बसला नाही.

"काल एक बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "मनगट मोडलेलं. त्याच गावात पाय घसरून पडल्या. त्याच गेस्ट हाऊसमध्ये उतरल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत विचारलं, खिडकीतून हिमनदी कशी दिसते हो? त्या म्हणाल्या... कुठली हिमनदी?"

"शक्यच नाही!"

"मीही तेच म्हणालो. भांडलो जवळजवळ त्यांच्याशी. तुमचं नाव सांगून."

टाचणीने तिथल्या तिथे फोन लावला, त्यालाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. खात्री होती ना तिची!

"हिमनदी?" मालकीणबाई म्हणाल्या. "अहो, ती मागे सरून किती वर्षं झाली! वितळत वितळत कड्याच्या पाठीमागे गेली. आता बघायची तर रोपवेने वर जाऊन पाऊण तास चालावं लागतं."

टाचणीने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. "पण... मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? पायऱ्या विचारल्यात, बूट विचारलेत, डॉक्टरचं प्लास्टरसुद्धा विचारलंत. हिमनदीचं तर तुम्हीच मला सांगत असता! मला वाटलं, पूर्वी कधीतरी येऊन गेला असाल. आला नव्हतात का?"

काकूंनी समुद्रातून मान वर काढली. आठ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती, कारण बर्फात पोचलेला माणूस समोरच्या कुठल्याही पांढऱ्या डोंगराला हिमनदी समजतो. आणि भिंतीवरचं चित्र कोणी, केव्हा लावलं, हे विचारायचं टाचणीला कधी सुचलंच नव्हतं.

"तुम्ही गेलाच नाहीत?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तिने मान हलवली. नाही.

"मी रोज झोपताना ती खिडकी डोळ्यांसमोर आणत होतो," तो म्हणाला. मग टेबलावरचा फॉर्म तिच्याकडे सरकवला. "सध्या थांबवू या हे."

काचेचं दार बंद झालं. टाचणीने फॉर्म खणात ठेवला. आपल्याला हा माणूस आवडतो, हे तिला कळलं ते तेव्हा. अगदी नको त्या वेळी.

त्या आठवड्यात तिने भिंतीवरचं चित्र उतरवलं. त्या गावाचं आरक्षण केलेल्या प्रत्येकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. पुढचा गुरुवार आला आणि गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी दार उघडलं, आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. पण आत आल्या त्या आई. एकट्याच.

"काय गं, माझी सहल का अडवलीस?"

टाचणीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. आई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी पुढे वाकून विचारलं, "माझे गुडघे बघितलेस का तू?"

"अं?"

"जिना चढताना कुरकुरतात. मी कुठली स्कीइंग करते!"

टाचणीने खणातला फॉर्म काढला. "पण... तुम्ही तर... फॉर्म..."

"अगं, अकरा वर्षं त्याने रजा घेतलेली नाही. मजा करायला चल म्हटलं असतं, तर तो जागचा हलला नसता. मला वाचवायला मात्र नक्की आला असता." आई मजेत हसल्या. "तू खोटं बोललीस, मीही बोलले. फरक एवढाच, की मला त्याचं काही वाटत नाही. त्याला आताच खाली सांगितलंय हे. जिन्यात उभा आहे, डोक्याला हात लावून. दोन आठवडे घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. फरशी झिजेल माझी."

त्या उठल्या आणि काकूंच्या टेबलावर जाऊन समुद्राची पत्रकं चाळू लागल्या. पत्रक उलटं धरलं होतं.

तो आला. या वेळी बसला.

"रागावलाय?" तिने विचारलं.

"रागावलो होतो. तुमच्यावर चार दिवस. मग परवा एका मुलीच्या हाताला प्लास्टर घालत होतो. ती रडायला लागली. मी नेहमीसारखं म्हणालो, दुखणार नाही." तो थांबला. "अकरा वर्षं मी प्रत्येकाला हेच सांगतो. आणि माझं स्वतःचं एकही हाड कधी मोडलेलं नाही. करंगळीसुद्धा नाही! दुखतं की नाही, मला काय माहीत?"

टाचणीने मान वर केली. "मग का सांगता?"

"सांगितलं की समोरच्याचा हात थरथरायचा थांबतो. तुम्ही का सांगत होतात?"

"आधी रजा मिळायची नाही. हिवाळ्यातच तर आमची धावपळ. मग... मग भीतीच बसली. ते गाव माझ्या बोलण्याइतकं सुंदर नसलं तर?" तिने टेबलाकडे बघत पुढचं सांगून टाकलं. "आणि मी सांगायला लागले की तुम्ही असे बघायचात... मला थांबवेचना."

शेजारच्या टेबलावरची पत्रकं एकदम थांबली.

"तिघांचं आरक्षण करा," तो म्हणाला. "तुम्ही आणि आई एका खोलीत. मी वर माळ्यावरच्या खोलीत. रोपवेने वर जाऊ, पाऊण तास चालू, आणि ती हिमनदी कुठे जाऊन बसलीय ते बघून येऊ."

"मी? या दिवसांत? डोंगराचं टेबल कोण बघणार?"

"मी बघते!" काकू तिकडून ओरडल्या. "आठ दिवसांत कुठे जात नाहीत तुझे डोंगर."

"आणि हिमनदी तिथेही नसली तर?" टाचणीने विचारलं.

"नसू दे. मी चालेन तुमच्याबरोबर. तेवढं पुरे आहे मला." तो आता अडखळत होता. "पण तुम्ही नाही म्हणालात ना, तर... तर दुखेल. हे मात्र मी ऐकीव सांगत नाही. दोन आठवडे दुखतंय."

आठ वर्षं टाचणीकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. गाडी चुकली तर काय, बर्फ पडलाच नाही तर काय... हा प्रश्न मात्र त्या यादीत कधीच नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता.

"मलाही," ती म्हणाली. मग दोन्ही टेबलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मलाही दुखतंय. मी येणार आहे."

एवढं बोलून ती स्वतःच दचकली. पण बोललेलं मागे घ्यावं, असं काही तिला वाटलं नाही.